डिस्प्ले येत नाही

सकाळी ९.३०

गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे वीजवाल्यांचा देखभालीचा दिवस, त्यामुळे नारायण पेठेतल्या आमच्या बोळात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. दुकान उघडलं की आधी यूपीएस चार्ज आहे का ते बघायचं. बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली, तर धडधाकट बोर्डही हातचा जातो. म्हणून असली कामं गुरुवारी मी सकाळीच उरकतो, नाहीतर सरळ शुक्रवारवर ढकलतो.

हल्ली दुकानात एक नवी जात वाढली आहे. बोर्ड नवा, प्रोसेसर नवा आणि मशीन बंद. पूर्वी मशीन म्हातारं होऊन बंद पडायचं, आता अपग्रेड करून बंद पडतं. मोबाइलवर व्हिडिओ बघत लोक घरीच बोर्ड बदलतात. त्यात वावगं काही नाही, स्वतः उघडून बघितल्याशिवाय कोणी शिकत नाही. अडचण पुढची आहे. गिऱ्हाईक एवढंच सांगतं की चालू होत नाही. आता करंटच येत नाही, की पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, की बायोस दिसतं पण डिस्क सापडत नाही, की विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन देऊन मान टाकतं? चारही वेळा तक्रार तीच आणि दुरुस्ती दर वेळी वेगळी. गाडी कुठल्या स्टेशनापर्यंत पोचली ते कळल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही, असा दुकानातल्या पोऱ्याला माझा दंडक आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. 'बोर्ड गेला' हा निकाल मला ऐकवत नाही. नव्या बोर्डाच्या बाबतीत तो बहुतेक वेळा खोटा निघतो.

१०.१५

इंजिनीअरिंगचा एक पोरगा काचेचं कॅबिनेट छातीशी धरून आला. "दादा, पंखे फिरतायत, लाइटिंग लागतंय, डिस्प्ले येत नाही. बोर्ड परत करायचाय, तुम्ही लिहून द्याल का?"

बोर्ड सेकंडहँड बी४५०, प्रोसेसर नवाकोरा रायझन ५ ५६००. आधी वायरी. चोवीस पिनांची जाड वायर सगळेच लावतात. प्रोसेसरची आठ पिनांची वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असते आणि ती हमखास राहते. मग पंखे फिरतात, दिवे लागतात, प्रोसेसर मात्र उपाशी. इथे ती लावलेली होती. पण मॉनिटरची केबल खोचली होती बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये. ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं. पुढे जी लागला, म्हणजे ५६००जी असला, तरच त्या भोकातून चित्र येतं. केबल काढून ग्राफिक्स कार्डात लावली. तरीही काळोख.

मग बोर्डावरचे चार बारीक दिवे बघितले: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. चालू होताना बोर्ड एकेकाची हजेरी घेतो आणि जो ओ देत नाही त्याचा दिवा लागून राहतो. पूर्वी हेच काम स्पीकरच्या शिट्ट्या करायच्या, एक लांब दोन आखूड म्हणजे डिस्प्लेची भानगड. आता बोर्डासोबत स्पीकर येत नाही, पण मी एक बझर खिशात ठेवतोच, कारण स्वस्तातल्या बोर्डांवर हे दिवेही नसतात.

इथे सीपीयूचा दिवा लाल. बी४५० बोर्ड बाजारात आले २०१८ च्या जुलैमध्ये, हा प्रोसेसर आला २०२२ च्या एप्रिलमध्ये. बोर्डातलं बायोस जुनं असेल तर त्याला हा पाहुणा कोण तेच माहीत नाही. दोघंही ठणठणीत, फक्त ओळख नाही. सुदैवाने या बोर्डाला मागे फ्लॅशचं बटण होतं. फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर बायोसची फाइल, कंपनी सांगते तेच नाव देऊन, ठरलेल्या यूएसबीत पेनड्राइव्ह, मग बटण. प्रोसेसर नसला तरी हे चालतं. ज्या बोर्डांना बटण नसतं त्यांच्यासाठी ड्रॉवरमध्ये पहिल्या पिढीचा एक रायझन ठेवला आहे. तो बसवायचा, बायोस नवं करायचं, मग खरा प्रोसेसर.

दिवा लुकलुकायला लागला. पोरगं दर अर्ध्या मिनिटाला "झालं का?" विचारत होतं. त्याला म्हटलं, चहा सांगून ये, पण वायरीला पाय लावू नको. चहा यायच्या आत डिस्प्ले आला होता.

११.३०

शनिवार पेठेतले प्रेसवाले काका भाच्याला घेऊन आले. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं आणि पावसाळा सरला की एक-दोन लहान दिवाळी अंक, असं त्यांचं काम. बहुतेक सगळं एकाच मशीनवर: विंडोज ७, पेजमेकर ७, श्रीलिपी आणि तिचं मागे यूएसबीत खोचलेलं लॉक. जुना एच६१ बोर्ड कपॅसिटर फुगून मेला. भाच्याने एच६१० बोर्ड, आय३ १२१०० आणि रॅम आणली, सगळं नीट बसवलं आणि जुनी हार्डडिस्क जशीच्या तशी जोडली. बसवणं खरोखर स्वच्छ होतं, वायरी पट्टीने बांधलेल्या. पण स्क्रीनवर एकच ओळ, की बूट होण्याजोगी डिस्क नाही.

"अरे, डिस्क तर तीच आहे. मशीन बंद पडेपर्यंत चालत होती," काका म्हणाले. "दिवाळी अंकाची सगळी पानं त्यात आहेत."

"मामा, मी म्हणतोय ना, फॉरमॅट मारून बघू," भाचा म्हणाला.

मी डिस्क काढून माझ्या बाजूच्या टेबलावर ठेवली. फॉरमॅटचं नाव निघालं की मी असंच करतो. डॉकमध्ये लावून क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं तर पिवळा रंग: काही सेक्टर वाचताना अडखळतायत. म्हणजे बूट होणं न होणं नंतर, आधी कॉपी. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू लावलं. ते चांगला भाग आधी उचलून घेतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. मरायला टेकलेल्या डिस्कची शक्ती खराब जागेवर डोकं आपटण्यात जात नाही. पाचशे जीबीला दीड-दोन तास.

तेवढ्या वेळात काकांना समजावलं, कारण न समजता ते पैसे देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. जुनं बायोस डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधले ५१२ बाइट उचलायचं आणि त्यात लिहिलं असेल तसं पुढे जायचं. नवा बोर्ड तिथे बघतच नाही. तो यूईएफआयवाला. त्याला डिस्कवर फॅट३२ चा एक छोटा भाग लागतो आणि त्यात ईएफआयची फाइल. तुमच्या डिस्कवर तो भाग नाही, म्हणून बोर्डाच्या लेखी ती कोरी. मधली काही वर्षं बोर्डांत दोन्ही पद्धती चालवणारी सोय असायची, सीएसएम म्हणतात तिला. इंटेलच्या ५०० सीरिजपासून, म्हणजे २०२१ पासून, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर ती चालत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं तर बऱ्याच बोर्डांत अजून उघडते.

भाचा हुशार. म्हणाला, "एमबीआरटूजीपीटीने डिस्क बदलता येते ना?" येते, पण ते हत्यार विंडोज १० च्या १७०३ पासून पुढे आणि ६४ बिटवर. काकांची विंडोज ७, तीही ३२ बिटची. ३२ बिटची विंडोज या बोर्डाच्या यूईएफआयवर उभीच राहणार नाही.

दीडच्या सुमारास कॉपी झाली. काही केबी वाचता आले नाहीत, ते कुठल्या फाइलचे ते नंतर कळणार. ड्रॉवरमधलं जुनं कार्ड लावून, सीएसएम उघडून, ती कॉपी जोडली. मूळ डिस्क नाही, ती पाकिटात बंद. विंडोज ७ चा झेंडा चमकला आणि लगेच निळी स्क्रीन. आकडा ७बी. म्हणजे विंडोज जागी झाली, पण स्वतःचीच डिस्क तिला दिसेना. जुन्या बोर्डात साटा आयडीई मोडवर होतं, नवा फक्त एएचसीआय जाणतो, आणि आयडीईवर टाकलेली विंडोज ७ एएचसीआयचा ड्रायव्हर झोपवून ठेवते. रजिस्ट्रीत एक आकडा बदलला की तो जागा होतो. तो जागा केला की लॉगिनची स्क्रीन येईल आणि तिथे कीबोर्ड, माउस मेलेले असतील, कारण विंडोज ७ च्या पोटात यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. तेही करता येतं. पुढे नेटवर्कचा ड्रायव्हर शोधा. दर पायरीला उपाय आहे आणि दर उपायापुढे नवी पायरी आहे. मायक्रोसॉफ्टने तर १४ जानेवारी २०२० लाच तिचे अपडेट बंद केले. पोरांना असली लढाई जिंकण्यात मजा वाटते, मलाही वाटायची. पण गिऱ्हाइकाला अंक काढायचाय.

"नवा एसएसडी, त्यावर विंडोज ११, जुना माल त्यात. पेजमेकर ७ त्यावर चालतो, पेठेत बऱ्याच जणांकडे चालतोय," मी म्हटलं.

काका थोडा वेळ गप्प राहिले. "काहीही कर. पण अक्षर हलता कामा नये."

दुपारी २.१५

डबा उघडला आणि लाइट गेली. यूपीएसवर एसएसडीचं काम चालू ठेवून पंख्याविना जेवलो. मध्येच फोन. एका गेमिंगवाल्याने एएम५ चा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम बसवली होती. काळी स्क्रीन म्हणून तो दर मिनिटाला बटण दाबून बंद करत होता. पहिल्यांदा चालू होताना हे बोर्ड रॅमशी जुळवून घेतात, त्याला कधी कधी काही मिनिटं लागतात, आणि हा दर वेळी जुळवाजुळव मोडत होता. म्हटलं, चालू कर आणि खोलीच्या बाहेर जा. पाऊण तासाने त्याचा अंगठ्याचा इमोजी आला. या कामाचे पैसे कसे मागायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

३.३०

टिळक रोडवरचं सीएचं ऑफिस. बोर्ड वॉरंटीत बदलून आला, तेच मॉडेल, डिस्क तीच, विंडोज ११. तरी निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागतंय.

"आम्ही असलं कुलूप कधी लावलंच नाही," साहेब म्हणाले.

ते खरंच बोलत होते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर विंडोज आपणहून डिस्क कुलूपबंद करते. रोज उघडायची किल्ली बोर्डावरच्या टीपीएममध्ये ठेवते आणि जादा किल्ली त्या खात्यात. बोर्ड गेला की टीपीएम गेलं. उरतं खातं. प्रश्न एवढाच की खातं कोणाचं? साहेबांच्या खात्यात काही नव्हतं, ऑफिसातल्या बाईंच्याही नव्हतं. मशीन पहिल्यांदा सुरू केलं होतं तिथे शिकायला असलेल्या एका आर्टिकलने, आणि तो आता नाशिकला दुसरीकडे होता. फोन लावला. बिचारा क्लायंटच्या ऑफिसात होता, तरी बाहेर येऊन खातं उघडलं. स्क्रीनवरच्या की आयडीची सुरुवातीची अक्षरं जुळवून घेतली, मग त्याने सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवले. या किल्लीची एक गंमत आहे. प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला की तो गट तिथल्या तिथे नापास होतो. नाशिकच्या ट्रॅफिकच्या आवाजात 'पाच' आणि 'सात' यांत फरक करताना त्याचा मोठा आधार होता.

तो आर्टिकल फोन उचलणारा निघाला नसता, तर त्या डिस्कचं काहीही करता आलं नसतं. मी नाही, कोणीच नाही. बोर्ड काढण्याआधी बिटलॉकर बघा, हे वॉरंटीवाल्यांनी सांगायला हवं होतं, आणि ते कोणीही सांगत नाही. मी साहेबांना किल्ली कागदावर छापून फाइलला लावायला लावली. सीएला फाइलला कागद लावायला सांगावं लागत नाही म्हणा.

मग टॅली उघडलं एज्युकेशनल मोडमध्ये. हार्डवेअर बदललं की त्याचं लायसन्स बिथरतं आणि मग महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेतं. सिरीयल नंबर आणि ज्या मेलवर लायसन्स आहे तो मेल मिळाल्यावर ते दहा मिनिटांत जागेवर आलं. मेल सुदैवाने साहेबांचाच होता.

५.३०

पेठेत परत येईतो दुकानात एक फोटोग्राफर वाट बघत बसला होता. त्याच्या हातात खोक्यासकट बोर्ड. "खोक्यातूनच डेड आलाय, रिप्लेस करून द्या."

डेड नव्हता. रॅम एका बाजूच्या खाचांत लावली की चालू, दुसऱ्या बाजूला लावली की डीरॅमचा दिवा. हे ऐकलं की रॅम आणि खाच सोडून मी सॉकेटकडे वळतो, कारण रॅमच्या रेघा सॉकेटच्या पिनांतूनच प्रोसेसरला जातात. पंखा काढला, पेस्ट पुसली, प्रोसेसर उचलला. एलजीए १७०० म्हणजे केसाएवढ्या बारीक १७०० पिना, सगळ्या तिरक्या वाकवलेल्या. समोरून बघून काही कळत नाही. टॉर्च आडवा धरायचा आणि भिंगातून चमक बघायची. पिना बरोबर असतील तर चमकेची सरळ ओळ जाते. इथे एका कोपऱ्याजवळ ओळ तुटली होती: चार-पाच पिना शेजारणीवर रेललेल्या. प्रोसेसर एक कोपरा आधी टेकवून सोडला की हे होतं.

"मी नाही केलं," तो म्हणाला.

मी त्यावर बोललो नाही. होलसेलर पिना वाकलेला बोर्ड घेत नाही, सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण नसेल तर तसाही घेत नाही. ते झाकण याने कचऱ्यात टाकलं होतं. दोन पर्याय होते, नवा बोर्ड नाहीतर सुई. सुई म्हटल्यावर तो शेजारच्या स्टुलावर येऊन बसला.

दुकानातला पंखा बंद केला, पोऱ्याला दार लोटून घ्यायला सांगितलं. शिवणाची बारीक सुई लाकडी दांडीत बसवलेली आहे, ती पिनेच्या खाली घालायची आणि उचलायची नाही, फक्त टेकू द्यायचा. पिन जेवढी स्वतः उठेल तेवढीच उठू द्यायची. दुसऱ्यांदा वाकवली की धातू थकतो, तिसऱ्यांदा तुटते. प्रत्येक हालचालीनंतर टॉर्च आडवा, चमक बघायची. शेवटच्या पिनेचं टोक शेजारणीपेक्षा किंचित खाली राहिलं. ते तसंच ठेवलं. तिथे आणखी लोभ केला की सगळं जातं. प्रोसेसर बसवला, दोन्ही बाजूंना रॅम लावली, बायोसमध्ये १६ जीबी दिसली.

वॉरंटी गेली हे त्याला स्पष्ट सांगितलं आणि बिलावर लिहिलंही. त्याला ते आवडलं नाही.

रात्री ८.००

प्रेस. जुना वाडा, खालच्या खोलीत कागदाचे गठ्ठे आणि शाईचा वास. मशीन जोडण्याआधी प्लगला टेस्टर लावला. अर्थिंगच्या भोकात वायर होती, पण भिंतीत पुढे कुठेच गेली नव्हती. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर जवळजवळ अर्धा व्होल्टेज येऊन बसतो आणि हात लावला की मुंग्या येतात. "ते नेहमीचंच आहे, लाकडी स्टुलावर बसतो आम्ही," काका म्हणाले. वायरमनचा नंबर त्यांना लिहून दिला.

पेजमेकर उघडला, अंकाची फाइल उघडली, आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. हे अपेक्षित होतं. जुनी मराठी डीटीपी युनिकोडमध्ये नाही. फाइलमध्ये इंग्रजी कीबोर्डचीच चिन्हं असतात आणि त्यांना मराठी रूप फॉन्ट देतो. जुन्या डिस्कच्या कॉपीतून फॉन्ट उचलले. लॉकसाठी ६४ बिटचा ड्रायव्हर सोबत आणला होता, कारण जुना नव्या विंडोजवर बसत नाही. लॉक मागच्या यूएसबीत खोचलं. फाइल पुन्हा उघडली. संपादकीय वाचता येऊ लागलं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनला नाक लावून पानं बघायला सुरुवात केली. सतराव्या पानावर थांबले. "ही ओळ खाली गेलीय. इथे परिच्छेद संपत होता."

पेजमेकर ओळींचा हिशेब करताना प्रिंटरकडेही बघतो आणि नव्या विंडोजमध्ये त्यांचा लेझर प्रिंटर अजून टाकलेला नव्हता. त्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाकला, डीफॉल्ट केला, फाइल पुन्हा उघडली. ओळ वर आली. काकांनी तरीही सगळी पानं जुन्या प्रूफांशी ताडून बघितली. भाचा पानं उलटत होता आणि मी चहा पीत होतो. वाचता न आलेल्या केबींत एका जाहिरातीचा फोटो गेला होता. जाहिरातदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तो परत मागवला.

निम्मे पैसे आत्ता, निम्मे अंक बाइंडिंगला गेल्यावर. निघताना कोपऱ्यात दुसरं मशीन दिसलं. तेही एच६१, तेही विंडोज ७.

"त्याला हात लावू नकोस, चालतंय ते," काका म्हणाले.

"हात नाही लावत. शनिवारी डिस्कची कॉपी तेवढी काढून ठेवतो."

"शनिवारी प्रूफं आहेत. सोमवारी ये."